किल्ल्याखालचं तुडूम

चूक माझी होती, हे आधीच कबूल करतो. नागपूरच्या जुन्या बाजारात शंभर वर्षांपूर्वीचं एक पोस्टकार्ड मिळालं आणि माझ्यासारख्या शाळामास्तराच्या अंगात इतिहास संचारला. कार्डावर आमचंच किल्लेटोला होतं. टेकडीवर पडका किल्ला, पायथ्याशी तलाव, पुढे धान कापणाऱ्या नऊ बाया. खाली इंग्रजीत छापलं होतं, 'सरहद्दीवरचं खेडं'. सरहद्द आजही तिथंच आहे. किल्ल्यापलीकडे उतरलं की मध्य प्रदेश.

गावाला त्या कार्डातलं एकच हवं होतं. तलावाचं पाणी सोडायचं दार, म्हणजे तुडूम, गंजून बसलं होतं आणि धान पोटरीत आलं होतं, म्हणजे पाणी आत्ताच हवं होतं. जुनं दगडी तुडूम कुठंतरी गाळाखाली गाडलं गेलेलं. कार्डात ते पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, उजव्या टोकाला स्पष्ट दिसत होतं. सरपंच मधुकररावांनी लगेच जेसीबी बोलावला.

सुलोचनाबाई आमच्या पाणकर. कोणत्या बांदीला, म्हणजे धानाच्या शेताला, पाणी कधी द्यायचं, ते पाणकरानं ठरवायचं. नवरा गेल्यावर दोन वर्षांपूर्वी हे काम त्यांच्याकडे आलं; पण आमचं गाव मोठं शहाणं, पाण्याचं विचारायला त्यांच्या दिराकडे, तेजरामकडे जायचं. बाईंना ते फार झोंबायचं. "चिखलात पाय मी घालू, अन् विचारता त्याले?" असं त्या तोंडावर सुनावायच्या. ऐकायचं मात्र कुणी नाही.

जेसीबीचा पंजा पाळीला लागणार तोच त्या आडव्या आल्या.

"कार्ड दाखवा, मास्तर."

नाकाशी धरून त्यांनी ते पाहिलं.

"या साऱ्या बायांच्या डाव्या हातात विळा हाये. एखादी डावखोरी असन. नवच्या नव कशा?"

टेकडी दोन्ही अंगांनी सारखीच ढासळलेली, त्यामुळे किल्ल्यावरून काही कळलं नव्हतं. विळ्याकडे मी बघितलंच नव्हतं. जन्मात कधी धरला असता तर बघितलं असतं.

"फोटो डावा-उजवा उलटा छापला हाये," बाई म्हणाल्या. "तुडूम डाव्या टोकाले हाये. इथं खोदलं तं पाळ फुटन, सारं पाणी वाहून जाईन. मंग खा किल्ल्याचे गोटे!"

मधुकररावांनी सवयीनं तेजरामकडे पाहिलं.

"माह्याकडे काय पाहता?" तेजराम म्हणाला. "पाणकर वयनी हाये."

जेसीबी डाव्या टोकाला गेला. कंबरभर खोदल्यावर घडीव दगड लागला. दुपारपर्यंत तोंड मोकळं झालं आणि पाण्याची धार पाटात उतरली. पाळीवर जमलेल्या बाया टाळ्या पिटू लागल्या. मधुकरराव सुलोचनाबाईंपाशी गेले.

"काकू, पयलं पाणी कोणाले सोडाचं?"

दोन वर्षांत हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच कुणी विचारला होता. मला भरून आलं. त्यांना अजिबात नाही.

"पार टोकाच्या बांदीले," त्या म्हणाल्या. "तुमचं वावर पाळीजवळ हाये न, सरपंच? तुमी सगळ्यात शेवटी."