पोराचा अजगर

घरात साप पाळतात हे मला माझ्या पोरानं दाखवलं. परदेशी जातीचा लहानसा अजगर, रीतसर कागद करून आणलेला. मी घर डोक्यावर घेतलं. म्हटलं, घरात एक तर तो राहील, नाहीतर मी. पोरगं हसत म्हणालं, "आई, तो चावत नाही गं, तूच चावतेस." शेवटी दोघंही राहिलो.

मग पोरगंच गेलं. पुण्याच्या वाटेवर, मोटरसायकलच्या अपघातात. वर्ष होऊन गेलं त्याला.

त्याच्या खोलीत काचेची पेटी तशीच होती. एका बाजूला खालून गरम करणारी विजेची चटई, दुसरी बाजू थंड, आणि मधे ऊब अन् ओलावा दाखवणारं काट्यांचं मीटर. मी म्हटलं, देऊन टाकू कुणाला तरी. तर आमचे हे, पोरगं असताना त्या खोलीत पाऊल न टाकणारे, एकदम म्हणाले, "त्यानं जीव लावलेलं एवढंच जिवंत राहिलंय. ह्याला मी मरू देणार नाही."

ह्यांचा सारा जन्म टॉवेलच्या कारखान्यात, मागावर गेला. सोलापूरचा उन्हाळा नुसता कोरडा. हवा सुकली की सूत तटातट तुटतं. म्हणून मागाखालच्या फरशीवर पाणी मारायचं, खिडक्यांना ओली गोणपाटं टांगायची. उन्हाळ्यात मीटरचा ओलाव्याचा काटा पार खाली बसला आणि अजगराची कात अंगावरच तुकड्यातुकड्यानं चिकटून राहिली. ह्यांनी कारखान्यातला उपाय केला. पेटीवर ओलं गोणपाट टाकलं, आत पाणी शिंपडलं. पुढची कात अख्खी निघाली!

"बघ की, ओल असली की काही तुटत नाही," म्हणाले. पोरगं गेल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा भाकरी मागून घेतली. मला लई बरं वाटलं. मला काही तो मेला साप आवडत नव्हता, पण तेव्हापासून मीच गोणपाट भिजवून द्यायला लागले.

थंडी आली. हवा कोरडी, तेव्हा ह्यांचं पाणी चालूच. त्यात ती चटई कधी बिघडली कळलंच नाही. ह्यांची नजर सगळी ओलाव्याच्या काट्यावर. उबेच्या काट्याकडं बघायचं ह्यांना सुचलंच नाही. सुताला कधी गारठा बाधतो का? तेवढी ओल मिळाली की झालं, हेच सगळ्या जन्माचं शिक्षण.

अजगर खाईना. मग तोंड उघडं टाकून, मान वर धरून बसायला लागला. नाकाशी बुडबुडे, आणि जवळ गेलं की घरघर. जनावरांच्या डॉक्टरांना घरी आणलं. त्यांनी पेटीत हात घातला अन् म्हणाले, "अहो, ही पेटी तर गार पडलीय! ओल पाहिजे, पण उबेबरोबर. गारठ्यात ओल राहिली की छाती भरते अजगराची."

ह्यांचा चेहरा मला बघवेना. इंजेक्शनं झाली, नवी चटई आली, गोणपाट काढून टाकलं. हे पेटीसमोरून हलायला तयार नाहीत. मी ओरडले, रागावले, शेवटी हात टेकले आणि ताट तिथंच नेऊन द्यायला लागले. देवाला म्हटलं, बाबा, ह्याला तरी जगव, नाहीतर माझा माणूस खचेल.

एका सकाळी घरघर थांबली. मला वाटलं, बरा झाला. चहा घेऊन गेले तर हे खाली बसलेले, अजगर मांडीवर, गार पडलेला. मी खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, "अहो, तुम्ही काय मुद्दाम केलंत का?"

ह्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "पोरगं गेलं तेव्हा मी तिथं नव्हतो गं. इथं तर रोज समोर होतो की, तरी कळलं नाही."