मनीषाचा फोटो कुठून गेला

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. सुनेला नाही, देवापुढेही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला मध्येच थांबवून "जाऊ द्या हो अक्का" म्हणू शकत नाही.

आठ वर्षांपूर्वी मी बासष्टची होते. अक्कल यायचं वय होतं का ते? होतं की! पण त्या टवळीला, म्हणजे तेव्हाच्या मला, आली नव्हती. जळगावात बसून सोयरिकी जमवायचं वेड तिला. पाचोऱ्यापासून शिरपूरपर्यंतच्या पोरींचे बायोडाटा नि फोटो हिच्या मोबाईलमध्ये. बायका 'मोबाईलवाल्या अक्का' म्हणायच्या आणि ही फुगायची. महिला मंडळात भाषण ठोकायची — अनोळखी लिंक उघडू नका गं, ओटीपी सांगू नका गं. आणि स्वतः?

स्वतःच्या फोनवर अपडेटची सूचना आली की दाबायची — 'नंतर'. रोज सकाळी, चहाच्या आधी — 'नंतर'. का? एकदा अपडेट केलं तेव्हा सगळं इकडचं तिकडे झालं आणि सुनेला विचारावं लागलं. मोबाईलवाल्या अक्कांनी सुनेला विचारायचं? भजनाच्या स्पीकरसाठी ब्लूटूथ मात्र अष्टौप्रहर चालू. घरात, बाजारात, लग्नाच्या हॉलात — शेजारी कोण बसलंय, कुणी बघितलंय?

पाचोऱ्याच्या सुमनची मनीषा शिरपूरला फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला होती. तिची सोयरीक मीच धुळ्याला जमवली. सुपारी फुटली. आणि महिन्याभरात तिला घाणेरडे फोन यायला लागले. कुठल्यातरी गलिच्छ ग्रुपवर तिचा फोटो नि नंबर फिरत होता. आणखीही पोरी होत्या त्यात, पण सुपारी फुटलेली ही एकटीच.

सुमनने तो फोटो मला दाखवला आणि मी तो लगेच ओळखला. कडेला एक कोपर दिसत होतं — मनीषाच्या धाकट्या बहिणीचं. बहीण रंगाने उजळ. मुलाकडच्यांनी तिलाच मागणी घालू नये म्हणून मी तिला कापून काढलं होतं, माझ्याच फोनवर. हो, असले उद्योग करायची ती टवळी! मग सुमनने दुसरा फोटो दिला, म्हणून हा मी कुणाला पाठवलाच नव्हता. कुणालाच.

गुपचूप फोन दुरुस्तीच्या दुकानात गेले. त्याने बघून कपाळाला हात लावला. "अक्का, ब्लूटूथमधल्या भोकातून जवळ बसलेला माणूसही आत शिरतो. ते बुजवणारं अपडेट तीन महिने इथं येऊन पडलंय!"

कंपनीने ते मुळात उशिराच पाठवलेलं. विकताना जिभेला मध लावतात आणि भोक बुजवायला वर्ष घालवतात — काळं फासावं त्यांच्या तोंडाला! पण आल्यावर रोज 'नंतर' कुणी दाबलं? कंपनीने?

मग सुमनच्या घरी बैठक. धुळ्याचे पाहुणे तोंडं वाकडी करून बसलेले — फोटो बाहेर गेलाच कसा? आजही माझं डोकं भणभणतं. घाणेरडे फोन करणारे मोकळे, आणि जाब पोरीला! सुमनने माझा हात धरला. म्हणाली, "अक्का, मन्ही पोर तशी नही शे. तुम्ही सांगा ना त्यासले." मनीषा आतल्या दारात उभी होती. माझ्याकडे बघत.

आणि मी — काय म्हणाले मी?

"आजकालच्या पोरी कुठं कुठं फोटो टाकतात, आपल्याला काय ठाऊक?"

सुपारी मोडली. त्याचं दुःख नाही, तसल्या घरात न गेलेलीच बरी. पण माझ्या त्या एका वाक्यावर बापाने तिचा फोन आपटून फोडला, कॉलेजातून नाव काढलं. परीक्षेला दोन महिने उरले होते.

त्या दिवशी घरी येऊन मी अपडेट केलं. वीस मिनिटं लागली. आणि सुनेला विचारावं लागलंच.

मनीषा आता पाचोऱ्यात औषधाच्या दुकानात कामाला आहे. भिंतीवर फार्मासिस्टचं प्रमाणपत्र टांगलंय, त्यावर नाव दुसऱ्याचं. मी गेले की विचारते, गोळ्या वेळेवर घेता ना अक्का? मी मान हलवते. एवढीच हलते माझी मान.

तो फोटो तिने कुठेच टाकला नव्हता. माझ्या फोनमधून गेला. आणि त्या बैठकीत तोंड उघडायच्या आधीच मला ते माहीत होतं.