रामनवमीची राखण

बायकोला सांगितलं नाही, आईला नाही, बाबांना तर नाहीच. तुम्हाला सांगतो आहे. तुम्हालाच का, ते विचारू नका. तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच बहुधा कारण. आणि आता थकलोही आहे. एखादी गोष्ट पोटात दाबून ठेवायलाही अंगात जोर लागतो. तो राहिला नाही.

मी कॉलेजात शिकवतो. गावात चोऱ्या का होतात, त्या होऊ नयेत म्हणून गावं काय करतात, कुणावर राखण सोपवतात — हा माझा विषय. हसू नका, असाही विषय असतो, आणि त्यावर पोटही भरतं. वर्गात मी एका खळ्यावरच्या चोरीचं उदाहरण देतो. पोरं मान खाली घालून लिहून घेतात. दर वर्षी ठरवतो, यंदा नको — आणि तरी देतोच. परवा स्टाफरूममध्ये एकानं पेपर वाचून दाखवला. इंग्रज गेले, आता हजेरीचा कायदाही जाणार म्हणे. काही जातींना जन्मतःच चोर ठरवून रोज पोलिसांपुढे उभं करणारा तो कायदा. वाचून झाल्यावर मला म्हणाला, सर, तुमचं मत काय? माझं मत! डोकं दुखतंय म्हणालो आणि घरी आलो.

तर ते खळं आमचंच. इंझोरीच्या पलीकडे आमचं लहानसं गाव, आणि बाबा त्या गावचे पोलीस पाटील. गावची राखण एका पारध्याकडे होती. गुलब्या त्याचं नाव. ही आमच्याकडची जुनी रीत. ज्यांच्या चोरीची भीती, त्यांच्यातल्याच एकाला राखण द्यायची, सुगीला प्रत्येक खळ्यावरून त्याला सूपभर धान्य घालायचं. मग त्याचे जातवाले त्या शिवारात पाय ठेवत नाहीत. बाबांनी स्वतः ठाण्यात जाऊन त्याचा जामीन घेतला होता — हा माणूस माझ्या गावात राहील, याला हजेरी नको. त्या एका जामिनावर गुलब्या आणि त्याची बायको रंगी चार लोकांसारखे राहत. धनजच्या बाजाराला जायचं तर जात, कुणाची परवानगी नाही, काही नाही. बाकीच्या पारध्यांना पोहरादेवीच्या देवीला जायचं तरी ठाण्यात नाक घासावं लागे.

गुलब्या काही फार मोठा राखणदार नव्हता बरं का. उगाच देव करत नाही त्याचा. दुपारी बाभळीखाली चांगला घोरायचा, आणि बाबांची चाहूल लागली की डोळे मिटूनच “हुर्रर्र” करून पाखरं हाकलायचा. बाबाही म्हणायचे, हा झोपेतही राखण करून राह्यला. लहानपणी मला त्यानं तितर कसा धरायचा ते शिकवलं होतं. मला कधी जमलं नाही. तो हसायचा, म्हणायचा, छोटे पाटील, तुमी आपलं पुस्तकच धरा.

पुस्तक धरलं. नागपूरला एम. ए. ला होतो, आणि प्रबंधाला मी हीच रीत घेतली. आमच्या प्राध्यापकांना ती पसंत नव्हती. ते म्हणायचे, ही राखण नव्हे, खंडणी आहे. चोरानं चोरी करू नये म्हणून तुम्ही त्याला पोसता. मी तावातावानं भांडायचो. नाही सर, हा विश्वास आहे, तुम्ही आमचं गाव पाहिलेलं नाही. एकदा ते वैतागले. म्हणाले, विश्वास वगैरे मला सांगू नकोस, पुरावा दे.

पुरावा. तिथून माझं डोकं फिरलं.

मी ठरवलं, आपणच चोरी करायची. आपल्याच खळ्यावर. गुलब्या खरा असेल तर चोर कुणीही असो, अगदी पाटलाचा पोरगा असो, तो बाबांना सांगेलच. सांगितलं की मी हसत पुढे होईन, सगळा उलगडा करीन, त्याला नवं धोतर देईन, आणि सरांच्या तोंडावर पुरावा नेऊन टाकीन. काय साधं वाटलं होतं सगळं! कुणाला विचारावंसंसुद्धा वाटलं नाही. विचारायचं कुणाला? शहाणा मीच होतो ना.

गावी आलो आणि रामनवमीचा दिवस धरला. त्या दिवशी अख्खं गाव पोहरादेवीच्या यात्रेला जातं. आई-बाबाही बैलांच्या दमणीत बसून गेले. खळ्यावर वाऱ्यावर उडवून साफ केलेल्या गव्हाची रास होती. आमच्याकडे राशीवर लाकडी ठशानं राखेचे ठसे मारतात, म्हणजे कुणी हात घातला की ठसा मोडतो आणि लगेच कळतं. भर दुपारी गुलब्या पाणी प्यायला विहिरीकडे गेला, तसा मी गेलो. ठसे मोडले. पोतं अर्धं भरलं. खांद्यावर टाकलं आणि वळलो, तर गुलब्या विहिरीच्या काठावर उभा. हातात लोटा. माझ्याकडेच पाहत होता.

दूर होता, पण नजर भेटली. तशी भेटली की कळतं. आणि मग काय केलं असेल त्यानं? ओरडला नाही. पळत आला नाही. सावकाश पाठ फिरवली आणि खाली बसून लोटा घासू लागला. स्वच्छ लोटा — राखेनं घासत बसला, मी दिसेनासा होईपर्यंत.

मी म्हटलं, बाबा आल्यावर सांगेल. पोतं कडब्याच्या गंजीत खुपसलं आणि वाट पाहत बसलो.

दिवस कलला तशा गाड्या परत आल्या. बाबा आधी खळ्यावर गेले, तो त्यांचा नेम. ठसे मोडलेले त्यांनी पाहिले. मग गुलब्याला विचारलं. मी शेजारीच होतो, दोन हातांवर. गुलब्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. फक्त एकदा.

“माह्या राखणीत गेला, पाटील,” तो म्हणाला. “कोनं नेला, मले मालूम नाही.”

आता सांगा, काय लागत होतं मला? तीन शब्द. बाबा, मी नेला. बाबा चिडले असते, दोन दिवस बोलले नसते, आई हसली असती. संपलं असतं. मी मूग गिळून उभा राहिलो. बाबांची भीती वाटली म्हणून? थोडी वाटली, पण खरं ते नाही. खरं सांगायला लाज वाटते. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा — अरे, हा तर खोटं बोलला. म्हणजे सर बरोबर होते. आणि मला चक्क बरं वाटलं! काहीतरी सापडलं म्हणून. एक माणूस माझी अब्रू झाकतो आहे, हे समोर दिसत होतं, आणि मी त्याच्यात निष्कर्ष शोधत होतो.

बाबांनी रात्रभर ठाण्याला कळवलं नाही. त्यांचं मन घेत नव्हतं. सकाळी मला ओसरीवर बोलावलं. बाबा मला कधी काही विचारत नसत, त्या दिवशी विचारलं. “तू शिकलेला सवरलेला आहेस. तूच सांग. गुलब्यानं केलं असन का हे?”

आणि मी म्हणालो, “बाबा, असल्या लोकांचं काही सांगता येत नाही.”

हे मी म्हणालो. या तोंडानं. कुणी माझ्या मानेवर सुरी ठेवली नव्हती.

पुढचं सगळं आपोआप झालं. ठाण्यातून हवालदार आला, गुलब्याला चावडीपुढे उन्हात बसवलं, मारलंही. त्यानं कुणाचं नाव घेतलं नाही. बाबांनी जामीन काढून घेतला. नाव हजेरीत चढलं, आणि थोड्याच दिवसांत दोघांना लांबच्या वसाहतीत न्यायचं ठरलं. तारेच्या कुंपणातली वसाहत, असल्या जातींना सुधारायची म्हणून सरकारनं काढलेली. नेताना आमच्या दारावरूनच नेलं. रंगी थांबली. माझ्या आईकडे पाहून तिनं तोंड उघडलं, तर गुलब्यानं तिचा दंड धरला, म्हणाला, चाल. एवढंच. मी आत जाऊन माजघरात उगाच फळीवरची भांडी सारखी करत होतो.

गहू त्याच आठवड्यात मी गुपचूप घरच्या कणगीत ओतला. आम्हीच खाल्ला तो. बाबा त्यानंतर कुणाचा जामीन राहिले नाहीत. कुणी आलंच तर म्हणायचे, मले मानूस वळखता येत नाही. मरेपर्यंत हेच म्हणत राहिले, आणि मी समोर बसून ऐकत राहिलो.

प्रबंध लिहिला. असा राखणदार चोरी पाहूनही गप्प राहतो, सबब ही रीत गावाला घातक आहे — हे मी स्वच्छ अक्षरांत लिहिलं, अनुभवासह. सरांनी पाठ थोपटली. नोकरी लागली. लोक मला विचारायला येऊ लागले.

तुम्हाला वाटलं असेल, झाली कबुली. नाही हो. एवढं मी कधीतरी कुणाला सांगितलंही असतं. तरुण होतो, चुकलो, असं म्हणता येतं. म्हणत नाही, पण म्हणता येतं. जे म्हणता येत नाही ते पुढेच आहे. इथवर आलो, आता सांगून टाकतो.

बऱ्याच वर्षांनी मला त्याच वसाहतीत पाठवलं. तिथले लोक सुधारतात की नाही, यावर माझं मत हवं होतं. जाणकार मीच ना! तिथला साहेब मला दाखवत फिरत होता, ही शाळा, हे हातमाग. एका भिंतीच्या सावलीत एक म्हातारा दोरी वळत बसला होता. मी पुढे निघून गेलो असतो, पण त्यानंच हाक मारली. छोटे पाटील, म्हणाला.

साहेब म्हणाला, ओळखीचा दिसतो, बसा तुम्ही, मी पुढे होतो. मी बसलो. मला वाटलं, आता शिव्या देईल. देऊ दे. निदान ते तरी होऊन जाऊ दे.

त्यानं आधी बाबांचं विचारलं. गेले म्हटल्यावर दोरी बाजूला ठेवली. मग म्हणाला, रंगीही गेली, इथं आल्यावर दुसऱ्याच वर्षी, तापात. सांगताना माझ्याकडे रोखून वगैरे पाहिलं नाही. बरं का, अजिबात नाही.

“एक इचारू?” तो म्हणाला. “राग नका मानू. तुमाले गहू कायले लागला होता?”

मी खाली सांडलेले दोरीचे धागे गोळा करू लागलो. तर तोच मला समजावायला लागला. म्हणाला, आमचं दोघांचं याच्यावरून रोज भांडण होई. रंगी म्हणे, पाटलाच्या पोराची मस्ती होती, दुसरं काही नाही, आपण उगाच मातीत गेलो. मी म्हणत असे, तसं कसं होईल? शिकलेला पोरगा बापाच्या राशीला हात घालतो, तर कुणाच्या तरी जिवावर बेतलं असेल. घरात सांगता आलं नसेल.

आणि मग माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. त्याला उत्तर हवं होतं. इतकी वर्षं एवढं एकच हवं होतं.

“हो,” मी म्हणालो. “एकाच्या जिवाचंच होतं.”

“वाचला ना तो?”

“वाचला.”

“मंग बरं झालं,” गुलब्या म्हणाला. “म्या तोंड नाही उघडलं, ते बरंच झालं. रंगीले हे आयकाले पाह्यजे होतं.”

हसला. खरंच हसला हो, दात पडलेल्या तोंडानं, आणि पुन्हा दोरी वळायला लागला. थोड्या वेळानं हजेरीची घंटा झाली, तसा उठून रांगेत जाऊन उभा राहिला. अख्खी दुपार माझी होती. मी त्याला पुन्हा हाक मारली नाही. माझ्या एका शब्दावर कदाचित तो बाहेर आला असता, तोही मी घातला नाही — कारण साहेबानं विचारलं असतं, का? वसाहत उत्तम चालली आहे, असं मत दिलं आणि गाडी पकडली.

तो तिथेच वारला. तिथल्या शाळेतला एक मास्तर मध्यंतरी नागपुरात भेटला, तेव्हा कळलं. मास्तर हसत सांगत होता, म्हातारा शेवटी शेवटी फार बढाया मारायचा, येईल-जाईल त्याला धरून सांगायचा की आपल्यामुळे एका माणसाचा जीव वाचला. कुणाचा, ते मात्र त्याला सांगता येत नसे. मास्तरानं मला विचारलं, तुमच्या गावचा ना तो, असं काही झालं होतं का हो?

मी म्हणालो, मला आठवत नाही.