चौथी वार

दुपारचं ऊन पडवीच्या पायरीवर आलं आहे. शालन खांबाला टेकून बसली आहे. समोर गोणपाटावर सुंठी, तात्यांची कुत्री, दिवस भरलेली. कालपासून तिने दूधभाताला तोंड लावलेलं नाही. तात्यांमागोमाग हीसुद्धा जाणार, असं शालनच्या मनात येतं, पण रडू येत नाही. दवाखान्यात वडिलांच्या उशाशी बसल्या बसल्या तिचा डोळा लागला होता आणि तेवढ्यात ते गेले. आज डोळा लागू द्यायचा नाही.

पापण्या जड होतात.

"पहिल्या बाकावर झोपतेस होय गं?"

पडवीच्या भिंतीला फळा आहे. तात्या खडू घेऊन उभे आहेत, शाळेत असायचे तसेच.

"तात्या, सुंठी खात नाही."

"मग? व्यायच्या आदल्या दिवशी नाहीच खात. अंग गार लागतं, धापा टाकते, जमीन उकरते. दुःख नव्हे ते, तयारी आहे. उगाच भात कोंबू नकोस."

बाक गार लागतो. लोखंडाचा आहे. हा दवाखान्यातला व्हरांडा. सुंठी खाटेवर आहे, वर सलाइनची बाटली लोंबते आहे.

"पिलू पिशवीत येतं. तिने फाडली नाही तर तू फाड. नाक पूस, फडक्याने चोळ. आणि वार मोज."

"आज गुरुवार."

तात्या खो खो हसतात. "अगं वेडाबाई, आठवड्याचा नव्हे! पिलामागून पडते ती वार. जितकी पिलं, तितक्या वारा. एखादी आत राहिली तर ताप चढतो, डॉक्टरला बोलवायचं. पण ही लगेच खाऊन टाकते, म्हणून नजर ठेवायची."

"मला नका सांगू. मला झोप लागते. तुमच्या वेळीही लागली."

"ठाऊक आहे. घोरत होतीस. म्हटलं, झोपली एकदाची पोरगी. मग निघालो." तात्या तिचा तळवा हातात घेतात. "तीन मी मोजल्यात. चौथी तू मोज."

ऊन अंगणापलीकडे गेलं आहे. गोणपाटावर तीन पिलं चुपूचुपू दूध पिताहेत. सुंठी पुन्हा कळ देते. चौथं पिशवीसकट बाहेर येतं आणि हलत नाही. दमलेली सुंठी मान उचलत नाही. शालन पिशवी फाडते. नाक पुसते. वळणीवरचा तात्यांचा पंचा ओढून चोळत राहते, चोळतच राहते. बऱ्याच वेळाने पंचातून बारीक आवाज येतो.

ती पिलाला आईच्या पोटाशी ठेवते. डाव्या तळव्यावर खडूच्या तीन रेघा आहेत.

चौथ्या वारेची वाट बघत शालन जागी बसते.