ओठाने तपासलेली बकले

पट्ट्यांची पितळी बकले कानशीने घासून देणाऱ्या त्या खोलीत थोरलीचे काम सर्वांत शेवटचे होते. इतरांनी घासलेल्या बकलाच्या काठावरून अंगठा फिरवायचा. खरखर लागली तर कानस मारायची, नाहीतर डब्यात टाकायचे. सव्वीस वर्षे ती जमिनीवर बसून, मनगट मुडपून, हेच करीत आली. अंगठा बधिर केव्हा झाला, याविषयी दोन साक्षी आहेत. ती स्वतः तीन वर्षे सांगते, तर समोर बसणारी तिची धाकटी जाऊ पाच. धाकटीचे खरे असावे. पाच वर्षांपूर्वीच थोरलीने घरचे शिवणटिपण सोडले होते. सुई चिमटीत आहे की गळून पडली, हे तिला पाहिल्यावाचून कळेना.

मालकाला सुगावा लागला असता तर काम गेले असते. नवरा अंथरुणाला खिळलेला, धाकटीची चूल वेगळी, घरात दुसरे कमावते कुणी नाही. म्हणून घाम पुसल्याचा बहाणा करून ती बकलाचा काठ खालच्या ओठावरून फिरवू लागली. ओठ चुकत नसे.

"जाऊबाई, किती मुके घ्याल त्या बकलांचे? भावजींना सांगू का?"

"सांग की. म्हणावं, बक्कल निदान कुरकुर तरी करत नाही."

खोलीत हशा पिकला. त्या हशानेच मालकाचे लक्ष वेधले, हे धाकटीने मला दोनदा सांगितले. दोन्ही वेळा मान खाली घालून.

दुसऱ्या दिवशी मालक थोरलीपुढे उकिडवा बसला आणि न घासलेले एक बक्कल त्याने तिच्या हातात ठेवले.

"मावशी, बघा बरं. अंगठ्यानं."

तिने अंगठा फिरवला. "चांगलं आहे."

"नीट बघा."

"बघितलं की. अगदी लोण्यासारखं."

मालकाने फक्त तिच्या मांडीवरच्या फडक्याकडे बोट दाखवले. त्यावर रक्त ठिबकत होते. ते पाहून मग तिने अंगठ्याकडे पाहिले.

थोरली आता घरी असते. नवऱ्याला औषध पाजताना हातातल्या चमच्यावरून नजर हलवत नाही. तिच्या जागी धाकटी बसते. परवा थोरलीकडे जेवताना धाकटीने मुंग्या आल्यासारखा दोनदा हात झटकला; थोरलीने ते पाहिले.

"ओठ लावायची वेळ आली," ती म्हणाली, "तर मालकाकडे पाठ करून बस. आणि कुणाला हसू देऊ नकोस."