एकच भाषा ठेवा

शेजारच्या काकू आधी दोन बोटं वर करायच्या, मग त्यातलं एक दुसऱ्या हाताने मिटायच्या. “दोन भाषांनी लेकरू गोंधळून जाते. एकच ठेवा.” तुमच्याही ओळखीत अशा कुणी असतील, ज्यांचं ऐकावंच लागतं. रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं, आपली मुलं हिंदीत मागे पडू नयेत म्हणून चौबे कॉलोनीतल्या आम्ही मराठी आया धास्तावलेल्या, आणि काकू तर निवृत्त शिक्षिका. मीही घरात मराठी बंद केली. माझी लेक आजही मला हिंदीतच उत्तर देते. त्यात तिचा काही दोष नाही.

काकूंचा नातू तीन वर्षांचा झाला तरी बोलेना. खापर फुटलं सुनेच्या मराठीवर. सून वर्ध्याची, हिंदी तोडकीमोडकी. काकूंनी तिला बजावलं, “त्याच्यासमोर मराठी काढू नको.” ती आधी अडखळत हिंदी बोलायची. मग ‘आ जा’, ‘खा ले’ एवढंच उरलं, पुढे तेही कमी झालं. त्या घरात पाच मिनिटं बसलं तरी मला गुदमरायचं.

दिवाळीत त्यांच्या अंगणात कुणीतरी फटाक्यांची लड लावली. मी दचकून मागे सरले. नातू पाठमोरा बसून खडे रचत होता. त्याने मानसुद्धा वळवली नाही.

“भेत नाही बरं आमचा,” काकू कौतुकाने म्हणाल्या.

“काकू, एकदा याचे कान दाखवून घ्या ना.”

“कान कायले? काहीतरीच बोलून राहिली तू. मराठी सुटू दे, मग पाहा कसा बोलते तो.”

मला तेव्हाच हट्ट धरायला हवा होता.

कान तपासले ते पुढची दिवाळी उलटल्यावर. त्याला जन्मापासूनच जवळजवळ ऐकू येत नव्हतं. भाषेचा यात काही संबंध नाही, पण आणायला फार उशीर केलात, असं डॉक्टरांनी सांगितलं.

काकू मला फाटकापाशी भेटल्या. “वर्षाच्या वर सुनेचं तोंड बंद ठेवलं मी,” त्या म्हणाल्या. “अन् ज्याच्यासाठी ठेवलं, त्याले ऐकूच येत नव्हतं.” मी त्यांचा हात धरला. तो गार पडला होता.

बहिऱ्या मुलांच्या शाळेसाठी ते सगळे नागपूरला गेले. निघताना गाडीत सून मुलाच्या तोंडासमोर तोंड नेऊन मराठीत बोलत होती, थांबतच नव्हती. तो तिच्या ओठांकडे टक लावून पाहत होता. काकू शेजारीच बसल्या होत्या, खिडकीकडे तोंड करून. मी हात हलवला, तो त्यांना दिसला की नाही कोण जाणे.