हाताचा गुण

जानेवारी १९८९, संक्रांतीच्या आगेमागे. काम – गाभण कालवडीच्या कासेला हाताची सवय लावणं.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण – कारण काही नाही. सांगते आहे, एवढंच.

काम अवघड नसतं. पहिल्यांदा विणारी कालवड कासेला हात लावू देत नाही. म्हणून आधीपासून रोज पेंड पुढे ठेवायची, पाठीवरचा हात हळूहळू कासेवर आणायचा, कोमट फडक्याने सड पुसायचे, जवळ चरवी वाजवायची. दूध काढायचं नाही, नुसती ओळख करून द्यायची. लग्न होऊन आल्यापासून घरातल्या धारा मीच काढत होते. मला हे चांगलं येत होतं.

कालवड माझी नव्हती. धाकटी जाऊ सुमन, तिला मंठ्याकडच्या माहेरहून आंदण मिळालेली. चंद्री. सुमन गोठ्यात आली की दावं ताणून तिचा पदर चघळायची. सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आता चरवी धाकटीच्या हातात. थोरलीला जरा आराम." सगळे हसले. मीही हसले. आराम मागितला होता कुणी?

जनावर माणसाला कपड्यावरून ओळखतं, वासावरून ओळखतं. बाई गावाला गेली की गडी तिचं पातळ गुंडाळून धारेला बसतो – आमच्याकडे हे पोराटोरांना माहीत. मलाही माहीत होतं. म्हणून तर –

सुमन संक्रांतीला माहेरी गेली. रोजचं हिरवं पातळ खुंटीवर राहिलं. जाताना म्हणाली, "अक्का, माझ्या चंद्रीवर ध्यान ठेवा बरं. कासेला हात फिरवीत जा."

सकाळी मी माझ्या पातळात बसायचे. पेंड, फडकं, हलका हात. दुपारी सगळे शेतात गेले की सुमनचं हिरवं पातळ अंगाला गुंडाळायचे, तिथेच बसायचे, आणि चंद्रीचे सड चिमटायचे. नखाने. ती थरथरायची, पाय झाडायची. मी आणखी चिमटायचे. एकदा नाही – सुमन परत येईपर्यंत रोज. रागाच्या भरात झालं म्हणू? रागाच्या भरात कुणी पातळाची घडी घालून ते होतं तसं खुंटीवर ठेवतं का?

सुमन आली त्याच दिवशी चंद्री व्याली. सुमनने प्रवासाचं पातळ बदललं, हिरवं नेसली आणि चीक काढायला बसली. पहिल्याच लाथेला चरवी उडाली. दुसरी मनगटावर बसली.

"चंद्रे, अगं मी हाय की! मला वळखीनास का गं?"

"ऊठ तिथून," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या हाताला गुण न्हाई."

मी तिथेच उभी होते. तोंड होतं मला. उघडलं का?

ते वाक्य सुमनला चिकटलं. तिला पुन्हा कुणी धारेला बसवलं नाही. पुढे वाटणी झाली तेव्हा चंद्री माझ्याकडे आली, कारण सुमनला तिची धार काढता येत नव्हती. तिच्या माहेरची गाय. थंडीत अजूनही भाकरी थापताना ती मनगट झटकते. परवा तिची सून म्हशीच्या गाभण वगारीच्या कासेला हात फिरवा म्हणाली, तर सुमनने दोन्ही हात पदराखाली घेतले. "नको गं बाई. माझ्या हाताला गुण न्हाई. तुझ्या थोरल्या सासूला बोलव."

मी गेले. वगारीला सवय लावून दिली.

लाथ बसली त्याच्या दुसऱ्या दिवशीचं सांगायचं राहिलं. सकाळी सुमन मनगटाला हळद बांधून चुलीपाशी बसली होती. मी पदर खोचला, चरवी घेतली, गोठ्यात गेले. चंद्री हलली नाही. पान्हा सोडला. मी चीक आणून सुमनपुढे ठेवला.

"बराबर हाय," ती म्हणाली. "तुमचाच हात लागतो, अक्का."

मी खरवसासाठी गूळ फोडायला घेतला.